दोष ग्राहकाच्या बाजूचा

४ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.४०

नवी वही. आजपासून सगळ्या नोंदी तारीख-वेळेसह. प्रकरण वाढलं तर पुरावा लागेल. प्रकरण वाढणार नाही, पण तयारी असावी.

घटना अशी. मुलगी टीव्हीवर आली आहे. वेगवेगळ्या कामांतल्या तरुण मंडळींच्या मुलाखतींचा कार्यक्रम असतो, त्यात ती पाऊण तास आहे. दुपारी तिचा आईला फोन आला. माझ्यासाठी निरोप: बाबांना नक्की बघायला सांग, मी त्यांच्याबद्दल बोलले आहे.

काय बोलली, असं बायकोला विचारलं. म्हणाली, तुम्हीच बघा.

हा कार्यक्रम टीव्हीच्या डब्यात डाउनलोड करून बघायचा असतो. २३ तारखेपर्यंत मिळेल, मग काढून टाकणार. म्हणजे एकोणीस दिवस. भरपूर झाले.

६.१५ ला बटण दाबलं. शून्य टक्के. ६.३५ ला पडद्यावर लाल अक्षरं: नेटवर्कने विनंती नाकारली.

टीव्ही ठीक. डबा ठीक. रिमोटमध्ये नवे सेल. मग उरलं कोण? नेटवर्क कोणाचं? ब्रॉडबँड कंपनीचं. त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे.

उद्या एक फोन. विषय संपला.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.१०

कस्टमर केअर. बावीस मिनिटं संगीत. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, राउटर बंद करून परत चालू करा.

मनात हसलो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. लोकांना द्यायची सात उत्तरं आमच्याकडे छापून ठेवलेली आहेत, आणि ती मीच लिहिली आहेत. क्रमांक एक: नळ बंद करून पुन्हा उघडून पाहावा. क्रमांक चार: दोष ग्राहकाच्या बाजूचा. चारचा तर शिक्काच करून घेतला आहे, निळ्या शाईचा. तेव्हा या मुलीने मला शिकवू नये.

राउटर बंद केला. चालू केला. त्यावर बायकोने विणलेला रुमाल असतो, तोही काढून ठेवला. शून्य टक्के. नाकारली.

बायको म्हणते, दुपारी तिच्या मालिका व्यवस्थित उतरतात. हे तिने सहज सांगितलं. केवढा मोठा धागा आपण नवऱ्याच्या हाती दिला याची तिला कल्पना नाही. तिला मिळतं आणि मला मिळत नाही. मी साडेपाचला ऑफिसातून सुटतो, सहाला घरी येतो, आणि बरोबर त्याच वेळी अडवणूक सुरू. म्हणजे अडवलं आहे ते टीव्हीला नाही. मला.

हे लिहिल्यावर उठून पाणी प्यालो.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

संकल्प.
एक, घाबरायचं नाही.
दोन, रोज ठीक ६.१५ ला एक प्रयत्न. सुट्टीच्या दिवशीही ६.१५ लाच. वेळ बदलली की नोंदीला अर्थ राहत नाही.
तीन, फोनवर आवाज चढवायचा नाही. संभाषण रेकॉर्ड होतं असं तेच सांगतात.
चार, बायकोने दुपारी हा कार्यक्रम डाउनलोड करायचा नाही.

चौथ्यावरून थोडी चर्चा झाली. तिचं म्हणणं, मी दोन वाजता उतरवून ठेवते, तुम्ही सहाला आरामात बघा. मी समजावलं की कार्यक्रम एकदा उतरला की मग तक्रार कशाची करायची? पुरावाच नष्ट होईल. मोबाइलवर बघा म्हणाली. मुलगी टीव्हीवर आली आहे, तिला टीव्हीवरच बघणार. तत्त्व आहे. बायको बरं म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

ती हल्ली फार लवकर बरं म्हणते.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.५०

जिन्यात वरचे मास्तर भेटले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी अजून समोरच्याला वर्गात उभं केल्यासारखं बघतात. म्हणाले, काय, काय म्हणते तुमची कंपनी?

आणि हसले.

मी या माणसाजवळ कंपनीचा क सुद्धा काढलेला नाही. याला कसं कळलं? मास्तरांकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन आहे. की तसं ते सांगतात?

ठीक आहे, चाललंय, एवढंच बोललो आणि घरात येऊन कडी लावली.

प्रयत्न ६.१५. शून्य.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.३०, ऑफिस

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या तक्रारदार बाई आज पुन्हा आल्या. त्यांच्याकडे सकाळी पाणी चढत नाही. आठ महिन्यांत ही सहावी खेप. नियमाप्रमाणे पाच तक्रारी झाल्या की फाईल हिरव्या कपाटात जाते. हिरव्या कपाटाची किल्ली हरवली आहे. म्हणजे तशी टेबलाच्या खणात आहे, पण हरवली आहे असं सांगायचं असतं.

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला ओळखत तरी आहात का? दर वेळी पहिल्यापासून सांगायला लावता."

नेहमीप्रमाणे क्रमांक चार देणार, इतक्यात आठवलं की कस्टमर केअरला माझे चार फोन झाले आहेत. पाचवा आज करणार होतो.

त्यांच्याकडेही कपाट असणार. कोणत्या रंगाचं, देव जाणे.

बाईंची फाईल बाहेर काढून टेबलावर ठेवली. पाचवा फोन केला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी २, ऑफिस

फाईल परत कपाटात. टेबलावर अडचण होत होती. भीतीचा काही संबंध नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.३०

आज बायकोने गोड केलं होतं. कारण विचारलं नाही, खाल्लं. नंतर ती आणि मुलगी चाळीस मिनिटं फोनवर. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी दाराशी गेल्यावर बायको म्हणाली, बोलता का? मी हातानेच नको म्हटलं. प्रयत्नाची वेळ झाली होती.

खरं तर वेळ होऊन गेली होती. पण फोनवर तिने विचारलं असतं, बघितलंत का बाबा? मग काय सांगायचं? कंपनीचं सगळं प्रकरण फोनवर बोलायचं, तेही कंपनीच्याच लाइनवरून?

शून्य टक्के. का कोण जाणे, आज लाल अक्षरं दिसल्यावर जरा बरं वाटलं. प्रकरणात सातत्य आहे म्हणून असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.४५

आज मुलीचा वाढदिवस. तेवीस पूर्ण. सकाळीच मेसेज पाठवला. तिचं उत्तर: थँक्यू बाबा, पुढे हसरा चेहरा. बापाने वेळेवर आठवण ठेवलेली मुलांना कळते. या बाबतीत मी एकदाही चुकलेलो नाही. बायकोला सांगितलं तर तीही हसली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२.१५

कंपनीचा माणूस आला होता. बायकोने परस्पर बोलावला. अकरा वाजता दार वाजलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली.

तरुण, खांद्याला बॅग, पायात स्वच्छ मोजे. असे लोक जास्त धोक्याचे. त्याने वायर ओढून पाहिली, दिवे पाहिले आणि बटण दाबलं. डाउनलोड सुरू! पाच टक्के. बारा. वीस.

चालतंय की काका, तो म्हणाला. डाव उघड होता. माणूस पाठवायचा, तेवढ्यापुरती अडवणूक उठवायची, आणि वर क्रमांक चार. तेहतीस. अडतीस. चाळिसाव्या टक्क्याला मी स्वतः उठून डाउनलोड रद्द केलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, अडचण किती वाजता येते? मी वहीतून सगळ्या वेळा वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "काका, हे कुणीतरी राउटरमध्ये वेळेचं कुलूप लावल्यासारखं वाटतंय. मुलांच्या अभ्यासासाठी लावतात ना, तसं. पासवर्ड सांगा, आत्ता बघतो."

पासवर्ड! घरात शिरून पासवर्ड मागतो. सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही, असं शांतपणे सांगून त्याला निरोप दिला.

पासवर्ड मला आठवतही नाही. पण तो मुद्दा वेगळा.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. उरलेली दाढी करताना दोनदा कापलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४

तो माणूस खोटं बोलत होता हे सिद्ध करण्यासाठी, केवळ त्यासाठीच, आज राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. पासवर्ड मागतो. म्हणजे कधीतरी ठेवला होता खरा. राउटर आला त्याला सात वर्षं झाली. का ठेवला होता ते आठवत नाही.

माझी जन्मतारीख घातली. नाही. नोकरीला लागलो ती तारीख. नाही. कायम झालो ती. नाही. लग्नाची तारीख घातली, बायकोला विचारून. नाही. घराचा ताबा मिळाला ती. नाही. आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या तारखा संपल्या.

मग पडद्यावर आलं: पाच चुकीचे प्रयत्न, चोवीस तास प्रवेश बंद.

कंपनीने मला माझ्याच घरात बंद केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.२०

आज ऑफिसात धाकट्या साहेबांनी हाक मारली. काय हो, तुमची कंपनी जोरात आहे! सगळे हसले. शिपाईसुद्धा. मी रजिस्टर उघडून खाली मान घातली. किती लांब पोचले आहेत हे लोक.

प्रयत्न ६.१५. शून्य.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून एक नोंद करतो. मला कंपनीची भीती वाटते. पण सगळी भीती कंपनीची नाही.

ती माझ्याबद्दल काय बोलली असेल? यादी केली.

परीक्षेचं वर्ष. त्या वर्षी फार करडेपणा केला.
सायकल. तिला शिकवतो म्हणालो होतो. शेवटी मास्तरांनी शिकवली.
बक्षीस समारंभ. ऑफिसात ऑडिट होतं. दोन्ही वेळा.
दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी ती घर सोडून गेली तो दिवस. बॅगा गाडीत ठेवल्या आणि गाडी सुटायच्या आत मी वर निघून आलो. फाईल बघायची होती असं सांगितलं. फाईल नव्हती. खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत होतो, पण हे तिला कुठून माहीत असणार?

आता फोनवर आमची दोन वाक्यं होतात. जेवलीस का. जेवलात का. मग फोन आईकडे.

पाऊण तासात माणूस बापाबद्दल बरंच सांगू शकतो. आणि ते साऱ्या जगासमोर.

यादी बायकोला दाखवणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.५५

कंपनीची गाडी खाली उभी आहे. ६.०५ पासून. शिडीसकट.

बायकोला सांगितलं, दिवे बंद कर, आवाज करू नकोस. ती म्हणाली, अहो, मी कणीक मळतेय. तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दोघं सोफ्याच्या मागे दहा मिनिटं. तिच्या हाताची कणीक माझ्या शर्टाला लागली. तिने विचारलं, "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" मी म्हटलं, हळू बोल.

मग जिन्यात पावलं वाजली. वर गेली. मास्तरांचं दार उघडलं, बंद झालं. मास्तरांनी कंपनी बदलली म्हणे, नवं कनेक्शन घेतलं.

माझ्या डोक्यावर आणून बसवलं आहे कंपनीला.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

शेवटचा अधिकृत प्रयत्न. ६.१५. शून्य. उद्या कार्यक्रम काढून टाकणार.

मी सगळं केलं. अठरा दिवसांच्या नोंदी आहेत. कोणी म्हणू शकणार नाही की बापाने प्रयत्न केला नाही. मुलीला एक पत्र लिहायला घेतलं आहे: 'तुझा कार्यक्रम पाहण्याची तीव्र इच्छा असूनही कंपनीच्या अडवणुकीमुळे.' पुढे सुचत नाही.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. उद्याचा दिवस गेला की झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.३०

सकाळी दहा वाजता बायकोने रिमोट हातात घेतला. मी संकल्प क्रमांक चारची आठवण करून दिली. ती म्हणाली, "अहो, बसा."

इतकंच. पण तीस वर्षांत तिने हा आवाज दोनच वेळा काढला आहे. बसलो.

चार मिनिटांत शंभर टक्के.

मुलगी दिसली. केस कापले आहेत. मला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या कंपन्यांची बंद पडलेली नेटवर्कं शोधून दुरुस्त करण्याचं काम करते. हेही मला नवं, 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच माहीत होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, या कामाकडे कशी वळलीस? मी सोफ्याचा कोपरा घट्ट धरला.

ती म्हणाली, "माझ्या परीक्षेच्या वर्षी आमच्या टीव्हीचं इंटरनेट रोज संध्याकाळी पाच ते नऊ बंद पडायचं. बाबांनी सांगितलं, कंपनीने अडवलंय, कंपनी फार कडक आहे. इतकं मनापासून सांगायचे की मला त्या कंपनीचा भयंकर राग आला. म्हटलं, शोधूनच काढते. चार महिने लागले. कंपनी म्हणजे बाबा होते."

लोक हसले. मला एकदम सगळं आठवलं. कपाटावर चढून राउटर खाली काढला होता. कुलूप लावलं होतं. रोज ऑफिसातून आल्यावर टीव्हीपुढे उभा राहून कंपनीला शिव्या देत होतो, तिला ऐकू जाईल अशा. देता देता त्या खऱ्याच वाटायला लागल्या असाव्यात. परीक्षा झाली आणि कुलूप काढायचं राहून गेलं.

बाईंनी विचारलं, मग कुलूप तोडलंस? ती म्हणाली, रोज उघडायचे आणि बाबा यायच्या आत परत लावायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

आणि बाबांना कधी सांगितलं नाही?

"नाही. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. आमच्या घरी सगळं कंपनीवर ढकलायची पद्धत आहे."

पुन्हा सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. यादीतलं बाकी एकही नाव तिने काढलं नाही. सायकल नाही, समारंभ नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं.

बायकोने हा कार्यक्रम पाच तारखेलाच मास्तरांच्या घरी बघितला होता. सगळ्या बिल्डिंगने बघितला. ऑफिसनेसुद्धा.

दुपारी ४.२०

मुलीचा फोन. बायकोने उचलला आणि माझ्या हातात दिला.

"बघितलंत, बाबा?"

बघितलं म्हणालो. केस चांगले दिसतात म्हणालो. मग विचारलं की त्या कुलपाचा पासवर्ड काय आहे.

"माझा वाढदिवस. तुम्हीच ठेवलाय."

मला फार बरं वाटलं. सात वर्षांपूर्वी, इतक्या कडक वर्षातसुद्धा, मला तिचाच वाढदिवस सुचला होता. मला वाटलंच, असं म्हणालोही.

ती म्हणाली, "म्हणजे खरा नाही हं. खरा घातला तर उघडेना. दोन महिने त्यात गेले. मग एकदा म्हटलं, बाबांना जी तारीख वाटते ती घालून बघू."

मी विचारलं, "तेरा?"

"तेरा."

"मग बारा आहे का?"

"बारा आहे, बाबा."

ती हसली. मीही हसलो. जरा वेळाने लक्षात आलं की ती थांबली आहे आणि मी एकटाच हसतो आहे. फोन ठेवताना म्हणाली, कधीतरी तुम्हीही करा फोन.

बायकोला विचारलं, बारा तारखेचं गोड त्याचंच होतं का? ती म्हणाली, दर वर्षी असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.५०

हिरव्या कपाटातून तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची फाईल काढली आणि माणूस पाठवला. गल्लीतला व्हॉल्व्ह अर्धा बंद होता. आठ महिन्यांपूर्वी आमच्याच माणसाने केला होता.

घरी आल्यावर कपाटावरून राउटर खाली काढला. तेरा घातले, उघडलं. पाच ते नऊचं कुलूप काढलं. नवा पासवर्ड ठेवला, बारा. इथे लिहून ठेवतो. बारा.

६.१५ ला मुलीचा कार्यक्रम पुन्हा लावायला गेलो. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. साधंच वाक्य: हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही. नेटवर्कचा काही दोष नव्हता. चांगले एकोणीस दिवस दिले होते त्यांनी.

मुलीला फोन करून सांगावं, कुलूप काढलं म्हणून. तीन वेळा फोन हातात घेतला. तिला वेळ असतो, आईशी याच वेळी बोलते. रेंज पूर्ण आहे. नंबर बरोबर आहे.

दोष ग्राहकाच्या बाजूचा.